किंग काउंटी इलेक्शन्स : सेवा चोख, साहेबांची मुदत आखूड

हॉटेलांवर लिहितो तसं मतदान खात्यावर कोणी लिहीत नाही. अमेरिकेत सिएटलशेजारी बेलव्ह्यूत राहतो. हे सगळं किंग काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात येतं, आणि इथल्या निवडणुका 'किंग काउंटी इलेक्शन्स' हे खातं घेतं. 2021मध्ये नागरिक झालो, तेव्हापासूनची एकही निवडणूक चुकवलेली नाही. तेव्हा एवढा हक्क आहे.

आधी सेवा. मतपत्रिका निवडणुकीच्या साधारण वीस दिवस आधी टपालाने घरी येते. सोबत उमेदवारांची माहितीपुस्तिका. चहा पीत, बायकोशी वाद घालत आरामात भरायची. परतीच्या पाकिटाला 2018पासून तिकीट लावावं लागत नाही. मी मात्र क्रॉसरोड्स मॉलबाहेरच्या पेटीत टाकतो, कारण आत मोठ्या सोंगट्यांचा बुद्धिबळाचा पट आहे आणि लेकीला तिथून हलवणं अवघड. पेटी मतदानाच्या दिवशी रात्री 8 वाजता बंद म्हणजे बंद. पाकीट पोचलं, सही जुळली, हे सगळं ऑनलाइन ट्रॅकरवर दिसतं.

सहीवरून आठवलं. 2023मध्ये उत्साहाच्या भरात मी पाकिटावर झोकात देवनागरीत सही ठोकली. नोंदणीतली सही इंग्रजी. चूक शंभर टक्के माझी. सही जुळत नाही म्हणून पत्र आलं, सोबतचा फॉर्म भरून पाठवला, मत मोजलं गेलं. पण गंमत पुढे आहे. त्याच मतपत्रिकेवर या खात्याच्या संचालकांचीही निवड होती! म्हणजे माझी सही ताडून बघणाऱ्यांच्या साहेबांनाच मी मत देत होतो. परीक्षार्थीनेच पेपर तपासायला बसावं, तसं वाटलं.

हे पद पूर्वी नेमणुकीचं होतं. 2004मध्ये आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक हाताने फेरमोजणी करून 129 मतांनी लागली, आणि त्या सगळ्यात किंग काउंटीच्या मोजणीतल्या चुकांचा पार बोभाटा झाला. 2008मध्ये मतदारांनी ठरवलं की संचालक आपणच निवडायचा. पहिली निवडणूक फेब्रुवारी 2009मध्ये झाली. सध्याच्या ज्युली वाइज 2015पासून निवडून येताहेत. पद पक्षाच्या चिन्हाशिवायचं आहे.

आता मुदत. एरवी 4 वर्षं, पण 2023ला निवडलं ते 3च वर्षांसाठी. मी पुस्तिका दोनदा वाचली. कारण आदल्याच वर्षी आम्ही मतदारांनी काउंटीच्या सनदेतली, म्हणजे तिच्या घटनेतली, दुरुस्ती मंजूर केली होती, मीही तिला 'हो' म्हटलं होतं आणि विसरलो होतो. काउंटीचा प्रमुख, मालमत्ता मूल्य ठरवणारा असेसर, काउंटी कौन्सिल आणि निवडणूक संचालक, या सगळ्यांच्या निवडणुका विषम वर्षांतून सम वर्षांत न्यायच्या. गाडी रुळावर आणायला प्रत्येकाची एक मुदत वर्षाने कापली. संचालक आणि असेसर 2023ला 3 वर्षांसाठी, म्हणून 2026ला पुन्हा. प्रमुख 2025ला 3 वर्षांसाठी, म्हणून 2028ला. शहरांच्या निवडणुका या दुरुस्तीत नाहीत, त्या विषम वर्षांतच राहिल्या.

का, ते उघड आहे. 2020ला, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी, इथल्या नोंदणीकृत मतदारांपैकी 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं, 2023ला निम्म्यांनीही नाही. माझ्या गल्लीतले अर्धे देशी लोक विषम वर्षातलं पाकीट पिझ्झाच्या कूपनांसोबत रद्दीत टाकतात. उलट बाजूही आहे : सम वर्षातली मतपत्रिका लांबलचक, तळाशी येईपर्यंत माणूस कंटाळतो. तरी मला एक गोष्ट पटली. 2026, मग 2030, म्हणजे संचालकांची निवड राष्ट्राध्यक्षाच्या वर्षात येतच नाही. त्या धुराळ्यात पंचाने स्वतःच्या खुर्चीसाठी मतं मागत फिरू नये. हे मुद्दाम केलं की आकड्यांचा योगायोग, कोण जाणे.

पंचाच्याच निवडणुकीचं काय, याचं निम्मं उत्तर खात्याच्या रेंटनमधल्या मुख्यालयात मिळतं. तिथे काचेपलीकडून मोजणीचं काम कुणालाही बघता येतं. लेकीला घेऊन गेलो होतो. ती दहा मिनिटांत कंटाळली. मी तासभर उभा होतो. उरलेलं निम्मं उत्तर माझ्यापाशी नाही. नेमलेला अधिकारी नेमणाऱ्याचं ऐकणार, निवडलेला मतदारांचं. दुसरं मला कमी धोक्याचं वाटतं, इतकंच.

आईला फोनवर हा 3 वर्षांचा किस्सा सांगितला. ती कोथरूडची. तिच्या महापालिकेची मुदत मार्च 2022मध्ये संपली, आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026ला. मधली जवळजवळ 4 वर्षं प्रशासक. ती म्हणाली, "तुमच्याकडे एक वर्ष कापायला मतदान घेतात होय रे?"

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा यासाठी कापला की माहिती चिनी, कोरियन, स्पॅनिश, व्हिएतनामीतही मिळते, मराठीत नाही. मोबाइलवर संदेश येण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवा. आणि सही नोंदणीत केली तशीच करा.