घास श्वासनळीत गेला, आता ताप आलाय: घरी उपचार की ॲडमिट?

लकवा किंवा पार्किन्सन झालेल्या माणसाला जेवताना ठसका लागतो आणि एक-दोन दिवसांत ताप, घाण वासाचा कफ, धाप असं सुरू होतं. एक्स-रेत डाग बहुधा उजवीकडे दिसतो, कारण त्या बाजूची श्वासनलिका रुंद आणि सरळ असते. डॉक्टर ‘ॲस्पिरेशन न्यूमोनिया’ म्हणतात आणि सोलापूरच्या घरात वाद सुरू होतो: गोळ्या आणून घरी बघायचं, की सिव्हिलला न्यायचं, की प्रायव्हेटला? माझं म्हणणं एकच, तापावर ठरवू नका. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप नसतोही; नुसतं जेवण तुटतं, बोलणं भरकटतं.

श्वास मोजा. माणूस शांत पडलेला असताना सदऱ्याची वरखाली बघत घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आकडा 30 किंवा जास्त, वरचं बीपी 90 च्या खाली, नव्याने आलेला गोंधळ, किंवा बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन 92 च्या खाली, यातलं एकही असेल तर चर्चा थांबवा आणि 108 ला फोन करा. यातलं काहीच नसलं, तरी वय 65 च्या पुढे असेल तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय घरी ठेवू नका.

घरी ठेवण्यात फायदे आहेत. ओळखीचं अंथरूण, ओळखीची माणसं, त्यामुळे गोंधळ कमी. दवाखान्यातले चिवट जंतूही लागत नाहीत. पण एक गोष्ट फार कमी लोक विचारतात. गिळता येत नाही म्हणून तर हा आजार झाला, आणि उपचार काय, तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची बोटाच्या पेराएवढी गोळी, वर पेलाभर पाणी! तेच पाणी पुन्हा छातीत जाणार. म्हणून घरी ठेवायचं असेल तर आधी डॉक्टरांसमोर बसवून चमचाभर पाणी पाजून बघायला सांगा. खोकला आला, आवाज ओला, म्हणजे घशात पाणी अडकल्यासारखा झाला, तर इंजेक्शनच हवं, म्हणजे बहुतेकांना ॲडमिट व्हावं लागतं.

ॲडमिट केल्यावर शिरेतून औषध, ऑक्सिजन, कफ ओढायचं सक्शन आणि पुन्हा एक्स-रे मिळतो. पहिला एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून दुसरा महत्त्वाचा. सिव्हिल हे वैशंपायन मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, त्यामुळे फिजिशियन, एक्स-रे, लॅब एकाच आवारात. मात्र गर्दी असते आणि नातेवाईकाला जवळ थांबावं लागतं. प्रायव्हेटला खोली मिळते, बिल वाढतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि हा आजार बसतो का, हे भरती होण्याआधी विचारा.

उलटी छातीत गेली आणि तासाभरात धाप लागली, तर तो पोटातल्या ॲसिडचा दाह असू शकतो. तो बऱ्याचदा एक-दोन दिवसांत उतरतो, तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक लगेच देत नाहीत म्हणून भांडू नका. देखरेख मात्र दवाखान्यातच. मेट्रोनिडाझोल हे आणखी एक अँटिबायोटिक का दिलं नाही, असंही काहीजण विचारतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुप्फुसात गळू किंवा पू असल्याची शंका नसेल तर ते सरसकट लागत नाही. साधा कोर्स 5 ते 7 दिवसांचा. तीन दिवसांत उतार पडला नाही तर गळू झालंय का बघतात, थुंकी टीबीसाठीही पाठवतात.

राहिला पोटात अन्न पोचवायच्या नळीचा प्रश्न. लकव्यानंतर गिळणं सुधारण्याची आशा असेल तर काही आठवडे नाकातली नळी घालावी असं माझं मत. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) फार पुढे गेला असेल तर हाताने सावकाश भरवणं बरं, कारण नळी असली तरी लाळ आणि वर आलेलं अन्न छातीत जाणं थांबत नाही.

हाताने भरवताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद. चटणीचा भरडा घशाला चिकटून राहतो. पातळ आमटीत भाकरी कुस्करून देणंही टाळा: आमटी आधी पळते, तुकडे मागे राहतात. मऊ खिचडी मिक्सरमधून काढून, एकजीव आणि दाट, ताठ बसवून भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका. रात्री कवळी काढा आणि दिवसातून दोनदा तोंड आतून पुसून घ्या. छातीत जाणारे जंतू तोंडातलेच असतात.