कळा आणायला दाखल होताना: मुंबईतल्या इंडक्शन सेवेचं परीक्षण

प्रसूतिगृह निवडताना मुंबईत बहुतेक घरं खोली बघतात, एसी बघतात आणि घरापासूनचं अंतर बघतात. आपोआप कळा सुरू होऊन जाणाऱ्या बाईला तेवढं पुरतंही. पण दिवस भरूनही कळा आल्या नाहीत, किंवा साखर, बीपी, कमी झालेलं पाणी यांमुळे डॉक्टर म्हणाले, 'दाखल व्हा, कळा सुरू करू' (यालाच इंडक्शन म्हणतात), तर पारख बदलते. ही सेवा 12 तासांत आटपू शकते, दोन दिवसही चालू शकते. पहिलटकरणीने दोन दिवस धरूनच जावं. आणि तिचा मोठा भाग रात्री घडतो, मुख्य डॉक्टर घरी असताना. म्हणून आम्ही इथे दोन गोष्टींना सर्वात जास्त वजन दिलं आहे: वाट बघायची तयारी आणि रात्री तीन वाजता पोटावर हात ठेवून कळा मोजणारं माणूस.

पहिला प्रश्न दाखल होण्याआधीचा. कारण काय? पाणी फुटलंय आणि कळा नाहीत, बीपी चढलंय, मधुमेह आहे, बाळाची वाढ थांबली आहे, हालचाल मंदावली आहे, ही खरी कारणं. निव्वळ दिवस वर गेले म्हणून कळा आणायच्या असतील तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 41 आठवडे पूर्ण झाल्यावरची आहे, आणि ते 41 आठवडे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून मोजलेले हवेत. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख बदलू नये, तिच्यात दोन-तीन आठवड्यांची चूक सहज असते. अमावस्या टाळायची, मुहूर्त गाठायचा किंवा सुट्टी जुळवायची म्हणून 39 आठवड्यांच्या आत कळा आणणं बाळाच्या फुफ्फुसांवर बेततं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आग्रह धरला तरी चांगलं रुग्णालय इथे नाही म्हणतं, आणि त्या नाहीला आमच्याकडे पूर्ण गुण आहेत.

दुसरा प्रश्न: बिशप स्कोर किती? आतल्या तपासणीत पाच गोष्टी बघतात. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, मागे आहे की पुढे आलंय, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय. एकूण गुण 13. 8 किंवा जास्त असतील तर शरीर तयार आहे. 6 किंवा कमी असतील तर आधी तोंड पिकवावं, म्हणजे मऊ करून उघडायला लावावं लागतं आणि त्यातच एक रात्र जाऊ शकते. 'दोन बोटं उघडलंय' म्हणजे साधारण 3 सेंटीमीटर. हा आकडा केसपेपरवर लिहिलेला हवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो. तो न लिहिता थेट कळांचं सलाईन लावणाऱ्या ठिकाणी सिझरची शक्यता उगाच वाढते: कडक, बंद तोंडावर कळा नुसत्या आपटत राहतात.

तोंड पिकवायचे मार्ग तीन. मुंबईत सर्वात ओळखीचं म्हणजे जेल. तयार सिरिंजमध्ये 0.5 मिलिग्रॅम डायनोप्रोस्टोन येतं, ते पिशवीच्या तोंडाशी ठेवतात. त्यानंतर अर्धा तास आडवं राहायचं, लगेच बाथरूमला उठलात तर औषध खाली ओघळतं. सहा तासांनी पुन्हा तपासणी, गरज पडली तर दुसरी मात्रा. 24 तासांत तीनच्या वर नाही. जेल 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. रात्री अकराला नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन बाहेरच्या केमिस्टकडून ते मागवलं जात असेल, तर बर्फाच्या पाकिटासकट आणा, खिशात घालून आणू नका. ज्या रुग्णालयाचा स्वतःचा फ्रिज आणि स्वतःचा साठा आहे ते इथे सरळ वरचढ ठरतं.

दुसरा मार्ग गोळीचा, मिसोप्रोस्टॉल, 25 मायक्रोग्रॅम. गिळून दर दोन तासांनी किंवा योनीत ठेवून दर सहा तासांनी. स्वस्त आहे, फ्रिज लागत नाही, परिणाम चांगला. धोका मात्रेचा आहे. 200 मायक्रोग्रॅमच्या गोळीचे ब्लेडने आठ तुकडे केले तर कुठला तुकडा किती ताकदीचा ते कुणालाच सांगता येत नाही. 25 ची तयार गोळी मिळते, तीच वापरतात का ते विचारा. आधीचं सिझर असेल तर ही गोळी चालत नाही. जुना टाका उसवून पिशवी फाटण्याची भीती असते. दाखल होताना आधीच्या सिझरचा कागद सिस्टरच्या हातात द्या, तोंडी सांगण्यावर भागवू नका.

तिसरा मार्ग फोली कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी असते तीच. ती पिशवीच्या तोंडातून आत सरकवून टोकाचा फुगा 30 ते 60 मिली पाण्याने फुगवतात आणि नळी मांडीला चिकटवून ठेवतात. घालताना दुखतं, पाळीच्या वेळी दुखतं तसं पण जोरात. तोंड 3 सेंटीमीटरच्या आसपास उघडलं की फुगा आपोआप बाहेर येतो, नाही आला तर 12 ते 24 तासांनी काढतात. कळा एकदम अंगावर येण्याचा धोका यात सर्वात कमी, म्हणून आधीच्या सिझरवाल्या बाईसाठी हा मार्ग जास्त सुरक्षित. दिसायला जुनाट वाटतो, त्यामुळे नातेवाईक नाक मुरडतात. आमच्या मते हा मार्ग सहज वापरणारं रुग्णालय विश्वासाचं.

कुठलाही मार्ग असो, त्याआधी पोटाला पट्टा लावून निदान 20 मिनिटं बाळाचे ठोके नोंदवायला हवेत, आणि औषध ठेवल्यावर पुन्हा. मिनिटाला 110 ते 160 हा नेहमीचा पल्ला. एनिमा आणि केस काढणं हे दोन्ही नेमाने करायची गरज नाही, नको असेल तर नको म्हणा. कुठलीही जोखीम नसेल तर या टप्प्यात खाताही येतं: मऊ भात, पेज, इडली, लिंबूपाणी. 'सिझर लागलं तर' म्हणून पहिल्या मिनिटापासून उपाशी ठेवणारी ठिकाणं बाईला थकवतात, आणि थकलेली बाई शेवटच्या जोर लावण्यात कमी पडते.

तोंड थोडं उघडलं आणि डोकं खाली बसलं की पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडतात. याचं दुखणं फार नसतं. पाण्याचा रंग आणि वेळ दोन्ही लिहून घ्यायला सांगा. स्वच्छ पाणी चांगलं. हिरवट असेल तर बाळाने आत शी केली आहे, ठोक्यांवर जास्त लक्ष हवं आणि बालरोगतज्ज्ञ हजर हवेत. डोकं वर तरंगत असताना पाणमोट फोडली तर नाळ खाली सरकू शकते, आणि मग धावत थिएटर गाठावं लागतं.

आता सलाईन. सगळ्या सेवेचा कस इथे लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची साधी पद्धत अशी: 500 मिली सलाईनमध्ये अडीच युनिट ऑक्सिटोसिन (कळा आणणारं औषध), सुरुवात मिनिटाला 10 थेंबांनी, दर अर्ध्या तासाला 10 थेंबांची वाढ. दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक 40 सेकंदांहून लांब, असं झालं की वाढ थांबवायची. जेलची शेवटची मात्रा आणि हे सलाईन यांत निदान सहा तासांचं अंतर हवं. हे अंतर न पाळल्याने दोन्ही औषधं एकदम काम करू लागतात आणि कळांवर कळा चढतात. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा म्हणजे बाळाला मधल्या वेळात रक्त मिळत नाही, ठोके घसरतात. तेव्हा सलाईन बंद, बाईला डाव्या कुशीवर, आणि डॉक्टर लगेच. उपाय सोपा आहे, पण कुणीतरी बघितलं तर.

म्हणून विचारा: इन्फ्युजन पंप आहे का? पंप असेल तर सलाईनचा वेग आकड्यात ठरतो. नसेल तर थेंब नळीवरच्या चाकावर चालतात, आणि हात वाकला, बाई कुशीवर वळली, स्टँड घेऊन बाथरूमला गेली की थेंब बदलतात. अशा ठिकाणी सिस्टरने दर वेळी घड्याळ लावून थेंब मोजायला हवेत. सोबतच्या माणसाने चाकाला अजिबात हात लावू नये. 'लवकर सुटू दे बिचारी' म्हणून चाक सैल करणाऱ्या मायेने बाळ गुदमरू शकतं. बाळाचे ठोके कळांच्या जोरात दर 15 ते 30 मिनिटांनी आणि बाळ बाहेर यायच्या वेळी दर पाच मिनिटांनी ऐकायला हवेत, किंवा पट्टा सतत लावलेला हवा. एका सिस्टरकडे सलाईनवरच्या किती बाया आहेत, हा प्रश्न खोलीच्या भाड्याआधी विचारा.

औषधाने आणलेल्या कळा आपोआप आलेल्यांपेक्षा दाट असतात, चढण्याचा अवधी कमी मिळतो. म्हणून वेदना कमी करायची सोय ही इथे चैन नाही. एपिड्युरलने, म्हणजे पाठीच्या कण्यापाशी दिलेल्या वेदना कमी करणाऱ्या औषधाने, सिझर वाढत नाही, शेवटचा टप्पा थोडा लांबतो एवढंच. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यामुळे 'एपिड्युरल मिळतं' या उत्तराने थांबू नका. रविवारी पहाटे मिळतं का आणि यायला किती वेळ लागतो ते विचारा. त्याच उत्तरातून तातडीच्या सिझरला किती वेळ लागेल हेही कळतं.

'इंडक्शन फेल' हा शब्द फार लवकर वापरला जातो. आई आणि बाळ दोघंही ठीक असतील, तर पाणी फुटल्यानंतर ऑक्सिटोसिन निदान 12 ते 18 तास चालल्याशिवाय तो वापरू नये, अशी अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. शिवाय खऱ्या जोरकस कळा 5 सेंटीमीटरपासून धरतात. त्याआधी तासनतास तोंड हललं नाही तरी ते अपयश नसतं. ठोके बिघडले तर मात्र घासाघीस करू नका, सिझरच्या कागदावर सही करा.

कुठे जावं? केईएम, नायर, सायन आणि कूपर ही पालिकेची रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत. निवासी डॉक्टर, थिएटर आणि रक्तपेढी चोवीस तास आवारातच; जोखमीच्या बाईसाठी याहून मोठी सोय नाही. सीएसएमटीजवळचं 1886 सालचं कामा रुग्णालय राज्य सरकारचं. परळच्या 1926 सालच्या नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालयाच्या शेजारीच वाडियांचं मुलांचं रुग्णालय आहे. सरकारी संस्थांत 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधं, रक्त आणि जेवण मोफत आहे. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत एकंदर अडचण गर्दीची असते: एकांत कमी, आतल्या तपासण्या जास्त, सोबतीला बाईच आणि तीही वेळ बघून. नर्सिंग होममध्ये ओळखीचे डॉक्टर आणि घरगुती वागणूक मिळते, पण रात्री आरएमओ (तिथे हजर असणारा निवासी डॉक्टर) कोण, तो स्त्रीरोगातला आहे का, बाळाला काचेत ठेवावं लागलं तर कुठे नेणार, ही उत्तरं आधी हवीत. मोठ्या खासगी रुग्णालयांत पंप, पट्टा, भूलतज्ज्ञ सगळं असतं. फरक पडतो तो डॉक्टरांच्या सबुरीत.

पैशाचं थोडक्यात. 'नॉर्मलचं पॅकेज' म्हटलं की त्यात जेल, पट्ट्याचे तास, लेबर रूमचे वाढीव तास, एपिड्युरल, बालरोगतज्ज्ञांची भेट आणि इंडक्शननंतर सिझर झालं तर कोणता दर, हे कागदावर घ्या. राज्याच्या 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. मेडिक्लेममधला प्रसूतीचा प्रतीक्षाकाळ आठव्या महिन्यातच तपासा.

दाखल व्हायची तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल तर आदल्या दिवशी समुद्राच्या भरतीची वेळ बघा. पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता आणि सायनचं गांधी मार्केट यांची नावं मुंबईकरांना सांगायला नकोत, आणि परळची व सायनची रुग्णालयं त्याच वाटांवर आहेत. इंडक्शनची वेळ बहुधा ठरलेली असते, तेव्हा पाऊस धरून चार तास आधी निघता येतं. फाइल, सोनोग्राफीचे सगळे अहवाल, रक्तगटाचा कागद, आधार, दोन सुती गाऊन, सॅनिटरी पॅड, बाळाची लंगोटं, लांब वायरचा चार्जर. बाळंतविडा नंतर येऊ दे.

बाळ बाहेर आल्यावरही अर्धं लक्ष आईकडे हवं. तासनतास ऑक्सिटोसिन घेतलेली पिशवी थकते, नीट आकसत नाही, आणि रक्तस्राव जास्त होतो. बाळ झाल्याबरोबर 10 युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, वार पूर्ण आली का याची तपासणी, आणि पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी नाडी, बीपी व पोट बघणं ही चांगल्या लेबर रूमची खूण. अर्ध्या तासात एक पॅड पूर्ण भिजला तर बेल वाजवा. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर 72 तासांत आईला अँटी-डीचं इंजेक्शन.

घरी निघताना डिस्चार्ज कार्ड काउंटरवरच वाचून घ्या. कळा का आणल्या, सुरुवातीचा बिशप स्कोर, कोणतं औषध किती वेळा, पाणी कधी फुटलं, ऑक्सिटोसिन किती तास, आणि सिझर झालं असेल तर नेमकं कशासाठी व पिशवीवरचा छेद कुठे, हे सगळं त्यावर हवं. पुढच्या बाळंतपणात गोळी चालेल की फुगा, नॉर्मलचा प्रयत्न करता येईल की नाही, हे नवे डॉक्टर याच कागदावरून ठरवतात. रकाने रिकामे असतील तर आरएमओला बोलवा आणि भरून घ्या.