एन्सेनाडा की पुएर्तो पेन्यास्को? घरच्यांना घेऊन मेक्सिकोची पहिली रोड ट्रिप

लाँग वीकेंड जवळ आला की कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातल्या मराठी घरांमध्ये हा विषय निघतोच. मुलं, भारतातून आलेले आईबाबा आणि आपली स्वतःची गाडी, असं सगळं घेऊन सीमेपलीकडे जायचं तर कुठे? पहिल्या खेपेला झेपतील असे रस्ते दोन. सॅन डिएगोहून तिहुआनामार्गे एन्सेनाडा, नाहीतर फिनिक्सहून ल्यूकविलमार्गे पुएर्तो पेन्यास्को, म्हणजे ॲरिझोनावाल्यांचं रॉकी पॉइंट. सीमेपासून दोन्ही ठिकाणं साधारण शंभर किलोमीटर, दोन्हीकडे समुद्र, आणि गाडीचा तात्पुरता आयात परवाना दोन्हीकडे लागत नाही. माझं मत आधीच सांगून टाकावं हे बरं: ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर एन्सेनाडा, नुसती लहान मुलं असतील तर पेन्यास्को.

पण हॉटेल बुक करण्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट काढून बघा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा हातात ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईबाबांचा व्हिजिटर व्हिसाही चालतो. घोटाळा होतो तो एच-वन-बीवाल्यांचा. स्टॅम्पची मुदत संपलेली असते, मुदतवाढीची मंजुरी घरात असते, आणि तेवढ्यावर भागेल असं वाटतं. मेक्सिकोच्या लेखी ते मंजुरीपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. अशा वेळी आधी मेक्सिकोचा व्हिसा काढायचा आणि परत येण्याचं वकिलाला विचारून घ्यायचं. आणखी एक: सीमा ओलांडताना गाडीला कुणी थांबवलं नाही तरी आपण होऊन इमिग्रेशनच्या कचेरीत जायचं आणि एफएमएम, म्हणजे पर्यटकाची नोंद, करून घ्यायची.

विम्यात तर काटकसर नकोच. अमेरिकेतली गाडीची पॉलिसी मेक्सिकोत दुसऱ्याच्या नुकसानभरपाईसाठी मानली जात नाही. अपघात झाला आणि मेक्सिकन कंपनीचा विमा नसला, तर जबाबदारी ठरेपर्यंत ड्रायव्हरला ताब्यात ठेवू शकतात. वकील आणि जामिनाची सोय असलेली पॉलिसी ऑनलाइन मिळते. ती छापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर कंपनीचं परवानगीपत्र लागेल. भाड्याची असेल तर लेखी परवानगीशिवाय सीमा ओलांडूच नका. बंदुकीची एक गोळी जरी गाडीत सापडली तरी अटक होऊ शकते. गाडी मित्राची असेल तर डिकी नीट तपासून घ्या.

आता रस्ते. एन्सेनाडाच्या वाटेवर अवघड भाग आहे तो पहिल्या पंधरा-वीस मिनिटांचा. सॅन इसिद्रोचं सीमेवरचं नाकं ओलांडल्याबरोबर तिहुआनाची भर गर्दी, लेन भराभर फुटतात, आणि एक वळण चुकलं की गाडी अनोळखी वस्तीत. त्यामुळे शेजारी बसलेल्याने फक्त पाट्या वाचायच्या. ‘प्लायास’ आणि ‘कुओता’ या दोन शब्दांवर नजर ठेवायची. प्लायास म्हणजे तिहुआनाचा समुद्रकिनाऱ्याकडचा भाग, कुओता म्हणजे टोलचा रस्ता, लिब्रे म्हणजे फुकटचा. कुओताच घ्या. तीन टोलनाके लागतात, पण रस्ता दोन्ही बाजूंना दोन-दोन लेनचा, दुभाजकाचा आहे आणि रोसारितोनंतर उजव्या हाताला पॅसिफिक महासागर सोबतीला येतो. साल्सिपुएदेसजवळ रस्ता कड्याच्या अगदी काठावरून जातो. डिसेंबर 2013 मध्ये तिथला एक तुकडा खचून समुद्राकडे सरकला होता. मोठा पाऊस सुरू असेल तर दिवस बदललेला बरा.

पेन्यास्कोच्या वाटेवर शहराची कटकटच नाही. सोनोयता हे छोटं गाव पार केलं की हायवे आठ सरळ वाळवंटातून जातो. सोनोयतात मात्र ताशी 40 किलोमीटरची मर्यादा अक्षरशः पाळा. गाडीचा काटा मैलात असतो, म्हणजे 25 च्या आत. रस्त्यात तोपेस, म्हणजे आपले स्पीडब्रेकर, येतात, आणि ते रंगवलेले असतीलच असं नाही. पुढे जायला-यायला एकेकच लेन, अधेमधे फोनला रेंज नाही, रात्री दिवे नाहीत आणि गुरं रस्त्यावर येतात. ल्यूकविलची सीमा सकाळी सहा ते रात्री आठ एवढीच उघडी असते. ती चुकली तर रात्र सीमेपलीकडेच काढायची, अंधारात दुसरं नाकं शोधत सान लुईसकडे गाडी हाणायची नाही. डिसेंबर 2023 मध्ये हे नाकं महिनाभर बंदच होतं, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी चौकशी करा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या कर्मचाऱ्यांनाही या रस्त्याने दिवसाउजेडीच जायला सांगतं.

ज्येष्ठांसाठी माझं मत एन्सेनाडाकडे झुकतं ते दवाखान्यांमुळे. तिहुआना आणि एन्सेनाडा ही मोठी शहरं, सुसज्ज रुग्णालयं तिथे आहेत, आणि सॅन इसिद्रोची सीमा चोवीस तास उघडी. पेन्यास्को लहान आहे. छातीत दुखायला लागलेल्या माणसाला तिथून ॲरिझोनात हलवायचं तर हेलिकॉप्टर-विमानाचा खर्च अंगावर येतो. वैद्यकीय स्थलांतराचा समावेश असलेला प्रवास विमा तिथे हवाच.

मुलांसाठी चित्र उलटं. एन्सेनाडाकडचं पाणी थंडगार, लाटा जोराच्या. पेन्यास्कोला कॅलिफोर्नियाच्या आखाताचं कोमट पाणी, आणि ओहोटीला खडकांमधली डबकी उघडी पडतात, त्यांत खेकडे आणि तारामासे बघत मुलं तासन्‌तास रमतात. मात्र तिथल्या भरती-ओहोटीतला फरक सात मीटरपर्यंत जातो. खडकावर लांब गेलेल्या मुलामागे पाणी कधी चढलं ते कळत नाही. हॉटेलात वेळापत्रक मागून घ्या, आणि उन्हाळ्यात तिकडे जाऊच नका.

परतीची रांग हा एन्सेनाडाचा खरा जाच. रविवारी दुपारी सॅन इसिद्रोला दोन-तीन तास सहज जातात. रेडी लेन लवकर सरकते, पण तिथे गाडीतल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाकडे आरएफआयडी कार्ड, म्हणजे यंत्राला दुरून वाचता येणारं चिपचं ओळखपत्र, लागतं. नुसता पासपोर्ट आणि व्हिसा असलेले आईबाबा बरोबर असले की साधी रांगच. गुडघेदुखी, मधुमेह असलेल्यांना ती झेपत नाही. शक्य असेल तर जास्तीची सुट्टी टाका आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे परत निघा. टॉयलेट, पाणी, औषधं सगळं रांगेत शिरण्याआधी.

दोन्हीकडे उपयोगी: 911 चालतो, आणि 078 वर ‘आंखेलेस वेर्देस’ची हिरवी गाडी येऊन बंद पडलेल्या गाडीला मदत करते. पंपावर आपल्याकडच्यासारखंच, मीटर शून्यावर बघूनच भरू द्यायचं. पोलिसाने थांबवून जागेवर रोख मागितली तर शांतपणे पावती मागा, ठाण्यात भरतो म्हणा. शाकाहारी असाल तर बीन्स डुकराच्या चरबीत केलेले नाहीत ना, ते विचारा. ‘सिन मांतेका’ एवढं पुरतं.

टेक्सासमधल्या मंडळींना मात्र या दोन रस्त्यांचा उपयोग नाही. रेनोसा, मातामोरोस, नुएवो लारेदो ही नाकी तामाउलिपास राज्यात येतात, आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इशाऱ्यांत ते राज्य ‘प्रवास करू नका’ या चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, पातळीवर आहे. डॅलस-ह्यूस्टनहून घरच्यांना न्यायचंच असेल तर विमानाने युकातानमधल्या मेरिदाला जा आणि तिथे गाडी भाड्याने घ्या. ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यात सक्तीचा विमा बहुतेकदा धरलेला नसतो, तेवढं बुकिंग करतानाच विचारून घ्या.