आठ महिने रोज इंटरनेट रेडिओ ऐकल्यानंतर

रोज वापरून आठ महिने झाले म्हणून आता सविस्तर लिहितेय. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर दोन स्टार देऊन ॲप काढून टाकलं असतं, आणि आज माझ्या सगळ्यात लाडक्या वादकांमध्ये ज्या एक बाई आहेत त्या मला कधी भेटल्याच नसत्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

ॲप एकदम साधं आहे. जगभरातली स्टेशनं एका ठिकाणी, देश निवडा नाहीतर कुठलंही लावा, तिथे त्या क्षणी जे चालू असेल ते ऐकायचं. पुढचं गाणं असं बटणच नाही, मागे जाता येत नाही, लाइक नाही, आणि तुम्ही काय ऐकता ते बघून काही सुचवतही नाही. मला आधी हेच खटकलं, कारण त्यापूर्वी कितीतरी वर्षं मी स्ट्रीमिंगवरच ऐकायचे आणि तिथे माझी आवड पक्की बसलेली होती, कुमार गंधर्व, किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, मूड असला तर गझल, काम करताना संतूर. त्यात वाईट काहीच नाही, ही मंडळी मी जन्मभर ऐकणार आहे. पण नवीन म्हणून जे समोर यायचं तेही याच घरातलं असायचं. कारण सरळ आहे, तुमच्यासारखं ऐकणाऱ्या इतरांनी अजून काय ऐकलं ते बघून तुम्हाला सुचवलं जातं, मग जिकडे तुमच्यासारखं कोणी फिरकतच नाही तिकडचं संगीत तुमच्यापर्यंत पोचणार कसं?

पहिला महिनाभर मी रेडिओवरही जुन्याच सवयीने वागत होते, दहा सेकंद ऐकायचं, नाही पटलं की दुसरं स्टेशन. मग ठरवलं की एकदा लावलं की पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, बातम्या लागल्या तरी, न कळणाऱ्या भाषेत दोघंजण गप्पा मारत बसले तरी. माझ्या मते ॲपचा खरा उपयोग तिथून सुरू झाला.

पहिला धक्का तुवाचा. तुवा म्हणजे सायबेरियाच्या दक्षिणेला, मंगोलियाला लागून. घशातून खर्जात येणारा घोगरा आवाज, पहिली दोन मिनिटं मला अजिबात सहन होईना, नियम नसता तर बंदच केलं असतं. मग हळूहळू त्या खर्जाच्या वर एक बारीक शीळ ऐकू यायला लागली, वाटलं मागे कोणीतरी बासरी वाजवतंय. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो एकच माणूस आहे, दोन्ही सूर एकाच वेळी एकाच गळ्यातून! खालचा सूर धरून ठेवायचा आणि जिभेचा नि तोंडाचा आकार बदलत त्याच सुराच्या पोटातला एकेक वरचा सूर पुढे आणायचा. या गायकीला खोमेई म्हणतात आणि शिट्टीसारखा जो प्रकार आहे त्याला सिगित. हे वाचताना मला एकदम तंबोरा आठवला. नीट जुळलेला तंबोरा असला की गंधाराची, म्हणजे 'ग' ची, तार नसतानाही गंधार ऐकू येतो ना, स्वयंभू गंधार, तो षड्जाच्या, म्हणजे 'सा' च्या, पाचपट कंपनांचा सूर असतो, तारेच्या पोटातलाच. आपण तो तारेत ऐकतो, हे लोक गळ्यातून वेगळा काढून दाखवतात. त्यानंतर हुन-हुर-तू हा तुवाचा ग्रुप मी शोधशोधून ऐकला, पण त्याहून मोठा फायदा असा झाला की मला तंबोरा नव्याने ऐकू यायला लागला, आता कधीकधी नुसता तंबोरा लावून बसते, गाणं नाही काही नाही.

मधे पश्चिम आफ्रिकेचा कोरा भेटला, २१ तारा, मोठा अर्धा भोपळा आणि त्यावर चामडं, दोन्ही हातांचे फक्त अंगठे आणि तर्जन्या वापरून वाजवतात. मालीचे तुमानी दियाबाते ऐका, २०२४ मध्ये गेले. खालची लय आणि वरची चाल एकटा माणूस सांभाळतोय हे पटायला मला बरेच दिवस लागले.

आणि मग त्या बाई. रात्री दीडच्या सुमाराला झोप येत नव्हती म्हणून कुठलंतरी स्टेशन लावलं, तर पियानो, एकटाच. चाल भूप रागाच्या अंगाने जातेय असं वाटायचं आणि तेवढ्यात एखादा सूर असा यायचा की भूप मोडायचा, लयसुद्धा तशीच, एका जागी रेंगाळायची, मग चारपाच सूर घाईने सांडल्यासारखे, परत शांत. चर्चमधलं म्हणावं तर तसं नाही, जॅझ म्हणावं तर तसंही नाही. मी उठून बसले. गाणं ओळखणारं ॲप चालू केलं आणि नाव आलं, एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू. एमाहोय हे नाव नाही, इथिओपियात ननला आदराने असं म्हणतात. जन्म १९२३ चा, लहानपणी स्वित्झर्लंडला शाळेत असताना व्हायोलिन आणि पियानो शिकल्या, तरुण वयात सगळं सोडून डोंगरावरच्या मठात गेल्या आणि तिथे दहा वर्षं अनवाणी राहिल्या. पुढची बरीच वर्षं जेरुसलेमच्या मठात काढली आणि २०२३ मध्ये गेल्या, शंभरीला काही महिने राहिले असताना. हे सगळं मी वाचलं ते दुसऱ्या दिवशी. रात्री फक्त तो पियानो होता, आणि मला वाटतं तोच क्रम बरोबर आहे, आधी माहिती वाचली असती तर मी 'एका ननचा पियानो' ऐकला असता.

तिथून इथिओपियाचं संगीत उघडत गेलं, मुलातू अस्ताटकेंचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवतात ते वाद्य) वगैरे. तिकडे तिझिता म्हणून एक स्वरसप्तक आहे, सूर पाचच, सा रे ग प ध. म्हणजे भूपाचेच! दुसऱ्या प्रकारात गंधार आणि धैवत कोमल होतात. पण भूपाचे सूर असून तो भूप नाही, कारण थांबायच्या जागा वेगळ्या, गळ्याची हलचाल वेगळी, राग म्हणजे नुसते सूर नव्हेत हे लहानपणापासून ऐकत आले होते पण मला ते खरं कळलं तिझिता ऐकताना. तिझिता शब्दाचा अर्थ आठवण, आपण हुरहूर म्हणतो त्याच्या जवळचा. त्याच महिन्यात सेझारिया एव्होरा ऐकल्या, आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या केप व्हर्दे बेटांवरच्या गायिका, तिथल्या मोर्ना गाण्यांमध्ये 'सोदादे' हा शब्द सारखा येतो, तीही हुरहूरच. (मोर्ना २०१९ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.)

आता त्रास. स्टेशनं मधेच बंद पडतात, आवडलेलं एक स्टेशन महिनाभर गायब होतं. आवाजाचा दर्जा एकसारखा नाही. १२८ केबीपीएसचं स्टेशन तासाला साधारण ५८ एमबी डेटा खातं, रोज तीन तास ऐकणार असाल तर वायफाय बरं. सगळ्यात जास्त खटकतं ते गाण्याचं नाव स्क्रीनवर न येणं, खूप स्टेशनं ते पाठवतच नाहीत. ओळखणारी ॲप्स मदत करतात पण ती त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा ठसा जुळवून बघतात, त्यामुळे स्टुडिओत कोणी लाइव्ह गात असेल तर काहीच सापडत नाही.

म्हणून मी वही ठेवलीय. स्टेशन, तारीख, वेळ, आणि जमेल तेवढी सरगम. सध्या तिच्यात ३१ अनोळखी गाणी आहेत, त्यातली नऊ नंतर सापडली. दोन महिन्यांपूर्वीचं एक अजून नाही सापडलं, एक म्हातारा आवाज आणि साथीला एकच तंतुवाद्य, मध्यमावर, म्हणजे 'म' वर, येऊन थांबायचा तो माणूस, सा कडे परत जायचाच नाही. त्याची पहिली ओळ मी रोज गुणगुणते, आणि शनिवारी त्याच वेळेला तेच स्टेशन लावते.