हिवाळ्यात आरव्ही घेऊन दक्षिणेत : साडेतीन महिन्यांनंतरचा हिशेब

२८ डिसेंबर २०२४ ला आम्ही मिशिगनमधून निघालो आणि १२ एप्रिलला घरी परतलो. एकशेपाच रात्री, साधारण ६४०० मैल, दोन माणसं आणि पंचवीस फुटांची आरव्ही, म्हणजे आत पलंग, ओटा, संडास असं चालतं घर. निघण्याआधी जे जे वाचलं त्यात एकच शब्द सारखा यायचा : लवचिक. काही ठरवू नका, हवा बघून पुढे सरका. आता विचाराल तर सांगते, हा सल्ला सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला अगदी खरा आहे आणि फ्लोरिडात साफ खोटा.

आधी गाडीचं, कारण महाराष्ट्र मंडळात भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. २०१७ ची सेकंडहँड क्लास सी (मधल्या आकाराची आरव्ही), फोर्डच्या ई-४५० चॅसिसवर बांधलेली, व्ही-१० इंजिन. गॅलनला ९ मैल देते, समोरून वारा असेल तर ७. चालवायला वाटतं तेवढी अवघड नाही. पार्किंग अवघड आहे, आणि मागे घेताना बाहेर उभं राहून 'ये, ये, थांब' करणाऱ्याशी चालवणाऱ्याचं भांडण ठरलेलंच. आम्ही शेवटी फोनवर बोलत गाडी मागे घ्यायला लागलो, तेव्हा संसार टिकला.

स्वयंपाकाबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. मोहरी तडतडली की गाडीतला स्मोक अलार्म वाजतो. मिरची टाकली की नक्कीच वाजतो. छतावरचा पंखा पूर्ण वेगावर, शेजारची खिडकी बोटभर उघडी आणि कढईवर झाकण एवढं केलं की दहातले आठ दिवस शांततेत जातात. कुकर मात्र आतला ओला दमटपणा भलताच वाढवतो. थंडीच्या रात्री वरणभात केला की सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळायचं आणि गादीची भिंतीकडची कड ओली लागायची. जानेवारी संपेपर्यंत मी कुकर, फोडणी आणि भाकरी हे तिन्ही प्रकार बाहेरच्या टेबलावर नेले, दोन बर्नरच्या कॅम्प स्टोव्हवर. किराणा ह्यूस्टनला हिलक्रॉफ्टवरच्या भारतीय दुकानांत एकदाच भरला, तो ॲरिझोनापर्यंत पुरला.

विजेचं गणित पहिल्याच आठवड्यात शिकावं लागतं. कॅम्पग्राउंडवरची ३० अँपियरची वीजजोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट, एवढीच पुंजी. हीटर १५०० खातो, किटली १५००. त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. आमच्याकडे 'किटली!' असं ओरडून मगच किटली लावायची पद्धत पडली.

खरी फजिती झाली ती कुठलीच जोडणी नसलेल्या पहिल्या रात्री. प्रोपेन भरपूर होता, तेव्हा थंडीची काळजी नाही असं आम्ही समजून चाललो होतो. पण फर्नेस, म्हणजे गाडी उबदार ठेवणारी भट्टी, पेटते प्रोपेनवर आणि तिचा पंखा फिरतो बॅटरीवर. पहाटे चारला पंख्याचा आवाज बारीक होत होत थांबला आणि प्रोपेनच्या अलार्मने व्होल्टेज कमी झालं म्हणून दर मिनिटाला एक चिवचिवाट सुरू केला. आम्ही दोघं जॅकेट-टोपी घालून उजाडायची वाट बघत बसलो. विकणाऱ्याने 'बॅटऱ्या नव्यासारख्या आहेत' म्हणून सांगितलं होतं. नंतर टेक्सासमध्ये २०० अँपियर-अवरची लिथियम बॅटरी बसवली, छतावर २०० वॅटचं सोलर टाकलं. सगळ्या प्रवासात सार्थकी लागलेला खर्च हाच. एवढं घरूनच करून निघा.

आता बुकिंग. फ्लोरिडाच्या स्टेट पार्कांचं आरक्षण तिथल्या रहिवाशांना ११ महिने आधी खुलं होतं, आपल्यासारख्या बाहेरच्यांना १० महिने आधी. म्हणजे चांगल्या जागा आपली पाळी यायच्या आधीच गेलेल्या. आम्ही नोव्हेंबरात शोधायला बसलो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतली समुद्राजवळची एक रात्र मिळेना. त्या मानाने टेक्सासची स्टेट पार्कं ५ महिने आधी खुली होतात आणि आठवड्याच्या मधले वार बहुतेक रिकामे असतात. मधल्या पट्ट्यात आम्हाला तारलं ते आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या, म्हणजे धरणं-तलाव सांभाळणाऱ्या लष्करी खात्याच्या, कॅम्पग्राउंड्सनी. जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवरच्या लेक सेमिनोलला आम्ही संक्रांत केली. शेजारच्या ओहायोच्या आजोबांना तिळाची वडी दिली, तर त्यांनी परतफेड म्हणून नुकताच पकडलेला मासा आणून दिला. आम्ही दोघं शाकाहारी. तो मासा कुणाच्या गळ्यात घालावा यातच संध्याकाळ गेली.

वय ६२ झालं असेल आणि नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड असेल तर ८० डॉलरचा आजीवन सीनियर पास पहिल्या दिवशी घ्या. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश तर मिळतोच, शिवाय कोअरसारख्या केंद्र सरकारच्या बहुतेक कॅम्पग्राउंड्समध्ये भाडं निम्मं होतं. आमचे त्याचे पैसे आठवड्यात वसूल झाले.

लवचिकपणाची परीक्षा झाली ती २१ जानेवारीला. १८ ते २५ जानेवारी आमचं अलाबामात गल्फ शोअर्सला बुकिंग होतं, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १७ तारखेपासून हवामान खात्याचे हिमवादळाचे नकाशे बघून पोटात गोळा यायला लागला. हवा बघून पुढे सरका म्हणतात ना, तर सरकायचं कुठे? पश्चिमेला लुईझियाना, थेट वादळाच्या तोंडात. तिथे ब्लिझर्ड वॉर्निंग, म्हणजे हिमवादळाचा इशारा, निघाली, गल्फच्या किनाऱ्यावर अशी वॉर्निंग पूर्वी कधीच निघालेली नव्हती. दक्षिणेला फ्लोरिडा भरलेला. एका खासगी पार्कात जागा होती, रात्रीला ११० डॉलर आणि किमान तीन रात्री. आम्ही राहिलो.

सोमवारी संध्याकाळी टाकी पिण्याच्या पाण्याने गच्च भरली, बाहेरचा पाइप सोडवून आत घेतला, सिंकखालची कपाटं उघडी टाकली म्हणजे उबदार हवा नळांपर्यंत पोचेल. पाण्याची टाकी पलंगाखाली, म्हणजे गाडीच्या आतच, हे नशीब. मंगळवारी बर्फ पडायला लागलं. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर ८ इंच, पेन्साकोलाला जवळपास ९ इंच, आय-१० महामार्गावरची वाहतूक लुईझियानात बंद. आमच्या इथे पांढरी वाळू कुठे संपते आणि बर्फ कुठे सुरू होतं ते ओळखू येत नव्हतं. मुलं लाटांवर खेळायच्या फोमच्या फळ्या घेऊन वाळूच्या टेकड्यांवरून घसरत होती. काचा खरवडायची खरवडणी संपूर्ण गल्लीत फक्त आमच्याकडे, मिशिगनची सवय म्हणून सीटखाली राहून गेलेली. ती दिवसभर या गाडीतून त्या गाडीत फिरत राहिली आणि संध्याकाळी एका ताटलीभर बिस्किटांसह परत आली. रात्री पारा वीस फॅरनहाइटच्या खाली. सकाळी ग्रे टँकचा, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीचा, व्हॉल्व्ह गोठलेला; नवरा मांडी घालून बाहेर हेअर ड्रायर धरून बसला होता, आणि आपण बर्फातून पळून आलो आहोत यावर दोघंही हसत होतो. दोन दिवसांनी सगळं वितळलं.

त्यानंतर पश्चिमेला वळलो ते प्रवासाचं सर्वांत चांगलं पर्व. कॉर्पस क्रिस्टीजवळ पाद्रे आयलंडवर मालाकीटचं कॅम्पग्राउंड आहे. आरक्षण नाही, जोडण्या नाहीत, जो आधी येईल त्याची जागा. सीनियर पासवर रात्रीचे ७ डॉलर पडले. दारातून समुद्र. चार रात्री राहिलो, तेवढ्यात वाळू चहाच्या डब्यापर्यंत पोचली. तिथूनच वर अरान्सासला व्हूपिंग क्रेन बघितले, माणसाच्या खांद्याएवढे उंच पांढरे क्रौंच. १९४१ साली रानात जेमतेम वीसएक उरले होते. आम्ही बोटीतून एका सकाळी अकरा मोजले.

बिग बेंडला रद्द झालेल्या बुकिंगची वाट बघत रोज सकाळी फोन उघडायचा धंदा केला आणि तीन रात्री मिळाल्या. चिसोस बेसिनच्या रस्त्यावर २४ फुटांहून लांब आरव्ही नेऊ नका असा सल्ला आहे, आमची एका फुटाने जास्त. गाडी विकत घेताना या एका फुटाचा विचार करायला हवा होता. वाटेत मॅराथॉन नावाचं एवढंसं गाव लागतं, तिथेच टाकी भरून घ्या, पुढे पंप विरळ. परत येताना बॉर्डर पॅट्रोलचा, म्हणजे सीमा पोलिसांचा, चेकपोस्ट लागतो. माझ्या नवऱ्याने अजून भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, तेव्हा ग्रीनकार्ड पाकिटातच असायला हवं होतं. ते कुठल्या डब्यात आहे हे शोधण्यात आमच्यामागे सहा गाड्या थांबल्या.

उंचीबद्दल कोणी बजावलं असतं तर बरं झालं असतं. नकाशात न्यू मेक्सिकोतलं डेमिंग छान दक्षिणेला दिसतं, पण ते ४३०० फुटांवर आहे. फेब्रुवारीत दुपारी हाफ शर्ट आणि पहाटे २४ अंश, फॅरनहाइट. ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट ९०० फुटांच्या आत, तिथे त्याच आठवड्यात रात्री खिडकी उघडी ठेवता आली. गरम हवा हवी असेल तर नकाशावर उंची बघा, अक्षांश दुसऱ्या नंबरला.

क्वार्ट्झसाइटला ला पोसा नावाच्या मुक्कामाच्या जागेसाठी बीएलएमचा (केंद्र सरकारच्या जमीन खात्याचा) १४ दिवसांचा परवाना ४० डॉलरला घेतला. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्खा हंगाम राहायचा तर तेव्हा १८० डॉलर होते. पाणी, डंप स्टेशन (सांडपाणी ओतायची जागा), कचरा हे सगळं त्यातच. बाकी मोकळं वाळवंट, हवी तिथे गाडी लावा. पहिल्या दोन दिवसांत मला ते भकास वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर चहा घेऊन बसले आणि दुपारचा एक वाजला तरी उठले नाही. गावात हाय जॉलीची समाधी आहे, दगडी पिरॅमिड आणि वर उंट. अमेरिकन सैन्याने १८५० च्या दशकात वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्यासोबत आलेला हा हाजी अली. नाव अमेरिकन जिभेवर घासून हाय जॉली झालं. मुंबईकरांनी तिथे फोटो काढल्याशिवाय येऊ नये.

त्याच मुक्कामात एक दुपारी आम्ही फिरायला गेलो आणि ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला पसरायचं कापडी छत, बाहेरच ठेवलं. वाऱ्याचा एकच झपाटा, त्याचा लोखंडी दांडा वाकला, कापड फाटलं. ६५० डॉलर. गाडीपासून दहा पावलं लांब गेलात तरी ऑनिंग आत घ्या.

एकूण खर्च : पेट्रोल २१५० डॉलर, राहण्याचं भाडं २३५०, प्रोपेन १९०, दुरुस्त्या आणि बॅटरी मिळून जवळपास २४००. यात गाडीची किंमत आणि विमा नाही. तब्येतीचंही सांगून ठेवते : मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कुठल्याही राज्यात चालतं, पण मेडिकेअर ॲडव्हांटेजचा, म्हणजे खासगी कंपनीमार्फतचा, एचएमओ (ठरावीक डॉक्टरांपुरता) प्लॅन असेल तर इमर्जन्सी सोडून इतर उपचारांना नेटवर्कची आडकाठी येते. निघण्यापूर्वी कार्ड काढून नीट बघा.

पुढच्या खेपेला फ्लोरिडा गाळणार. शनिवार-रविवार तेवढे आधी बुक करायचे, मधले दिवस मोकळे ठेवायचे, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच टेक्सास गाठायचं. 'पुढची खेप' हे मी म्हणते. नवऱ्याचं म्हणणं, छताच्या कडेचं सीलंट ॲरिझोनाच्या उन्हात तडकलंय, ते आधी बघू. काल शिडी लावून वर चढला होता. अजून खाली उतरून काही बोललेला नाही.