पार्किंगच्या कर्मचाऱ्यांसाठी बॉडी कॅमेरा: बटणवाला की सरकत्या कळीचा?

कर्मचाऱ्याच्या अंगावर लावायचा कॅमेरा द्यायचा की नाही, हा वाद तुमच्याकडे मिटला आहे असं धरून चालतो. आता फक्त कोणता घ्यायचा ते ठरायचं आहे. ब्रँड ढीगभर असले तरी निवड शेवटी दोन जातींवर येते. एक लहान, हलका, स्क्रीन नसलेला. बटण दाबून चालू होणारा. दुसरा थोडा अवजड, पुढच्या बाजूला समोरच्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसेल अशी छोटी स्क्रीन आणि चालू-बंद करायला मोठी सरकती कळ असलेला. आमच्या माणसांनी दोन्ही वापरून पाहिले, आणि निवडीची सही माझीच होती.

चित्राच्या दर्जावर फार डोकं खपवू नका. नंबरप्लेट, रस्त्यावरची रेघ, फलक हे सगळं हँडहेल्डच्या, म्हणजे पावती काढायच्या हातातल्या यंत्राच्या, फोटोत येतंच, आणि दंडाच्या पावतीचा पुरावा तोच असतो. बॉडी कॅमेऱ्याचं काम वेगळं: कोण काय बोललं आणि कोण अंगावर आलं. त्याला ७२० पिक्सेलचं चित्र पुरे होतं. १०८० वर सेकंदाला चार मेगाबिट धरले तरी तासाला १.८ जीबी जागा जाते, आणि त्यातलं बरंचसं चित्रण बॉनेटचं असतं. आपली माणसं दिवसभर वाकतात. पोलिसांना समोर ठेवून बनवलेल्या कॅमेऱ्यांत याचा विचार फारसा दिसत नाही. त्यामुळे छातीच्या मधोमध लावण्यापेक्षा खांद्याजवळ लावता येईल असा क्लिप मागा. चुंबकाचा क्लिप दिसायला छान असतो, पण माणूस वायपरखाली पावती खोचायला वाकला की कॅमेरा गाडीला घासून निसटतो.

विक्रेता आला की तो कॅलिफोर्नियातल्या रिअल्टोचा दाखला देणार. २०१२ मध्ये तिथल्या पोलिसांवर सुरू झालेल्या प्रयोगाच्या वर्षात तक्रारी आधीच्या वर्षापेक्षा जवळपास ८८ टक्क्यांनी घटल्या, हे खरं आहे. वॉशिंग्टन डीसीत दोन हजारांहून जास्त पोलिसांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१७ साली आले आणि त्यात म्हणावा असा फरक दिसला नाही, हे तो सांगणार नाही. माझ्या मते आपल्या उपयोगाचा अभ्यास तिसराच आहे. गुन्हेशास्त्रज्ञ बराक एरियल आणि सहकाऱ्यांनी पोलिसांच्या कॅमेऱ्यांवरच्या दहा प्रयोगांचे आकडे एकत्र तपासून २०१६ मध्ये छापले. जिथे पोलिसांनी नियमाप्रमाणे सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला आणि समोरच्याला तसं सांगितलं, तिथे बळाचा वापर कॅमेरा नसतानापेक्षा ३७ टक्के कमी होता. जिथे चालू-बंद करणं स्वतःच्या मर्जीवर सोडलं, तिथे तो उलट ७१ टक्के जास्त होता. आपल्या माणसाकडे बळ वापरायचा अधिकारच नाही, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी मुद्दा पटण्यासारखा आहे: कॅमेरा असण्यापेक्षा तो कधी चालू होतो याला महत्त्व जास्त. म्हणजेच सगळा प्रश्न कळीवर येतो.

आमच्याकडे निर्णय झाला तोही याच एका कटकटीवर.

बटणवाल्या कॅमेऱ्यात तेच बटण चालू करतं आणि तेच बंद करतं. काहींत दोनदा टिचकी मारून चालू, लांब दाबून बंद अशी सोय असते. ती बरी, पण गोंधळ पूर्ण जात नाही. चालू झालं की एक थरथर, बंद झालं की वेगळी थरथर. टेबलावर बसून हे उत्तम कळतं. भर वाहतुकीत, अंगात रेनकोट, समोर गाडीचा मालक तावातावाने बोलतोय, अशा वेळी कोणती थरथर झाली हे सांगणं अवघड. आमच्यातल्या एकाने वाद सुरू होताच बटण दाबलं. आवाज चढला तशी त्याला शंका आली, म्हणून खात्रीसाठी पुन्हा दाबलं. नंतर व्हिडिओ उघडला तर मालक अगदी शांतपणे ‘काय झालं हो?’ विचारतोय आणि तिथेच चित्रण संपलंय. शिवीगाळ, धक्काबुक्की, सगळं त्यानंतरचं. तक्रार मालकानेच केली होती आणि आमच्याकडचा पुरावा त्याच्याच बाजूने बोलत होता. असं एकदाच झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण कमी-अधिक फरकाने ते होतच राहिलं, आणि तेही नवख्यांपेक्षा जुन्या, सावध माणसांकडून जास्त. सावध माणूसच खात्री करायला जातो ना!

सरकत्या कळीत ही भानगड नाही. दाराला कडी लागली आहे की नाही हे अंधारातही बोटाला कळतं, तसंच हे. खाली म्हणजे चालू. पुन्हा खाली ढकलली तरी चालूच राहते. खाली बघावं लागत नाही, समोरच्यावरची नजर हलत नाही.

बटणवाल्याची बाजू लंगडी आहे असं मात्र नाही. आम्ही वापरून पाहिलेल्या बटणवाल्या मॉडेलात बटण दाबण्याआधीची तीस सेकंदं जपून ठेवण्याची सोय जास्त नीट चालायची, आणि पहिली शिवी बहुतेक वेळा त्या तीस सेकंदांतच येते. सरकत्या कळीच्या कॅमेऱ्यातही ही सोय मिळते, पण स्क्रीन आणि ती सोय दोन्ही चालू ठेवली की पाळी संपायच्या आत बॅटरी मान टाकते. खरेदीआधी विचारून घ्या की त्या आधीच्या सेकंदांत आवाजही येतो की नुसतंच चित्र. कित्येकांत आवाज नसतो, आणि आपल्याला हवा असतो तो आवाजच.

समोरच्या स्क्रीनबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. स्वतःचा चेहरा दिसला की बरेच जण आवाज खाली आणतात, हे मी पाहिलंय. काही जण मात्र त्यानेच जास्त पेटतात आणि स्क्रीनवर पंजा ठेवतात. स्क्रीन बंद ठेवता येते का, तेवढं बघून घ्या. ‘रेकॉर्डिंग सुरू करतोय’ हे तोंडाने सांगायचंच, स्क्रीन असो वा नसो.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट: कॅमेऱ्याचं घड्याळ आणि हँडहेल्डचं घड्याळ जुळतं का ते रोज बघायला हवं. दोन्हींत चार मिनिटांचा फरक दिसला की अपिलात वकील त्याच्यावरच बोट ठेवतो. डॉकमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या खोबणीत, ठेवल्यावर घड्याळ आपोआप जुळणारा घ्या, मग तो कोणत्याही जातीचा असो.

तुमची माणसं रात्री एकेकटी फिरत असतील आणि नियंत्रण कक्षातून थेट चित्र बघणारं कोणी खरोखर बसलेलं असेल, तर हलका बटणवाला घ्या. थेट प्रक्षेपणात आमच्या अनुभवात तोच सरस होता. दोघादोघांनी फिरणारा, दिवसाचा, गर्दीतला ताफा असेल तर मी सरकत्या कळीकडे झुकेन, वजन सोसूनही. पैसे देण्याआधी नमुना चाचणीसाठी मागून घ्या, ताफ्यातल्या सगळ्यात सावध माणसाला रेनकोट आणि हातमोजे घालून तो द्या, त्याच्याशी मुद्दाम भांडा, आणि मग त्याला न बघता विचारा: आत्ता चालू आहे की बंद?