एका दिवसात कळसूबाई आणि सांधण: आमचे ७,५९६ रुपये कसे गेले

‘कळसूबाईच्या माथ्यावर सूर्योदय आणि सांधण दरी, एकाच दिवसात. पुणे ते पुणे. नाश्ता, जेवण, स्थानिक गाईड, वनखात्याची फी सगळं धरून माणशी १,८९९.’ व्हॉट्सॲपवर जाहिरात आली आणि मी, माझी भावजय, तिच्या दोघी मुली अशा चौघींचे पैसे भरून मोकळी झाले. भावजय म्हणाली होती, “वन्सं, दोन-दोन ठिकाणं एका दिवसात कशी व्हायची हो?” मी म्हटलं, अगं, त्यांचा रोजचा धंदा आहे, त्यांना नाही का कळत!

तीस वर्षं बँकेत कॅश जुळवली मी, पण हे तास काही जुळवून पाहिले नाहीत.

आता पाहा. शिवाजीनगरहून बस सुटायची वेळच मुळी रात्री साडेबारा. संगमनेर, अकोले, राजूर करत बारी गावात पोचायला पाच तास. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. मध्ये लोखंडी शिड्या, रविवारी त्यांच्यापाशी रांगा. माझ्यासारखीला वर जायला साडेतीन तास. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी माथ्यावर नऊ वाजणार. सूर्य काय आमच्यासाठी ताटकळत बसणार होता? हे सगळं त्या जाहिरातीतच लिहिलेलं होतं, लपवलेलं काहीच नव्हतं.

प्रत्यक्षात बस पावणेदोनला आली. बारीत उजाडलं. नाक्यावर वनखात्याची पावती आम्हीच फाडली, ‘नंतर ॲडजस्ट करू’ म्हणाले. स्थानिक गाईड म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला विशीतला पोरगा. पहिल्या फाट्यावर त्याने एका गुराख्याला वाट विचारली, तेव्हाच मी समजून चुकले.

माथ्याच्या अलीकडे एक विहीर आहे. तिथून शेवटची चढण आणि देवीचं देऊळ, अगदी डोळ्यासमोर. तिथे पोचेपर्यंत सव्वाअकरा झाले होते. पोरग्याने शिट्टी मारली. “वर गर्दी आहे, शिडीवर तास जाईल. मग सांधण राहील हां.” चाळीस माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली आणि मुकाट्याने वळली. मीसुद्धा. हाच खरा डाव होता, पण तो मला दुसऱ्या दिवशी कळला. माथा मागितला की सांधणीची भीती घालायची. आणि सांधण मागितली की? ते पुढे आलंच.

उतरताना एका मावशींकडे लिंबू सरबत घेतलं. त्यांनी कळसूची गोष्ट सांगितली. केर आणि भांडी करणार नाही, या अटीवर ती पाटलाघरी कामाला राहिली होती. अट मोडून तिला तेच करायला लावलं, तशी ती डोंगरावर निघून गेली. भावजय पटकन म्हणाली, “म्हणजे तिलाही ठरलेलं दिलं नाही कुणी.” पाय दुखत असूनही हसलो.

जेवण होईस्तोवर तीन वाजले. सव्वाचारला बस थांबली. पुढे एकदम जमीन संपलेली, खाली खोल कोकण. “ही सांधण व्हॅली. वीस मिनिटं फोटो.” जागा देखणी, वाद नाही. पण धाकटी भाची मोबाइल घेऊन उभी. “आत्या, फोटोत तर दोन्ही बाजूंना दगडी भिंती आहेत, माणसं मधून चाललीयेत.” शेजारी ताक विकणाऱ्या आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, “सांधण? ती तिकडं साम्रदला. हा घाटघरचा कोकणकडा हाय.”

सांधण ही कड्याच्या टोकावरून बघायची जागाच नाही. जमिनीला पडलेली भेग आहे ती. साम्रद गावापासून चालत जाऊन तिच्यात उतरावं लागतं. आत दगडगोट्यांतून चालायचं, वाटेत थंडगार पाण्याचे डोह. पावसाळ्यात पाणी भरतं, आत जाताच येत नाही. वरून बघून ‘केली’ म्हणता येत नाही.

पोरग्याला विचारलं तर म्हणे, “मॅडम, तीच आहे. आणि आता अंधार पडेल, माथ्यावर वेळ गेला ना.” जो माथा आम्ही पाहिलाच नव्हता, त्यावर!

घरी आल्यावर ग्रुपवर पैसे परत मागितले. उत्तर आलं, ‘नैसर्गिक कारणांमुळे कार्यक्रमात बदल होऊ शकतो.’ त्या दिवशी आभाळात ढगसुद्धा नव्हता. दुसऱ्यांदा लिहिलं तर ग्रुपमधून काढलं. पैसे ज्या नंबरवर भरले तो कुणाच्या तरी खाजगी खात्याचा, पावती नाहीच.

राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ट्रेक नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तो नोंदणी क्रमांक आधी मागा. गाईड कोणत्या गावचा, हे विचारा आणि त्याचाच फोन नंबर घ्या. शक्य असेल तर बारी किंवा साम्रदच्या पोरांनाच थेट ठरवा, पैसेही त्यांच्याच गावात राहतील. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि कोकणकड्यावरचा वेळेसकट फोटो एवढं जपून ठेवलं होतं, तेच जोडलं.

साम्रदला आम्ही चौघी जानेवारीत पुन्हा जाणार आहोत. फक्त साम्रदला. तास भावजयीने मोजले आहेत.